मुराळ्याची भाकरी

१८ मार्च, मंगळवार

पोचलो एकदाचा. नोकरीत असताना लाईनवर काय काम केलं ते रोज लिहावं लागायचं. वीज मंडळातून रिटायर झालो तरी हाताची खोड गेली नाही, म्हणून परमुलखातही वही बरोबर आणली.

पुण्याहून कोणार्क गाडीने एक रात्र आणि वर सगळा दिवस. विशाखापट्टणमला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. हर्षाली स्टेशनाबाहेर उभी होती. लेक वाळली आहे. तसं म्हणालो तर म्हणते, "नाना, तुमचा चष्मा बदलायला झालाय."

जावई दिसले नाहीत. त्यांची जहाजावर नोकरी. मी येणार हे महिनाभर आधी कळवलं होतं, पण जहाज लांब आहे, मे महिन्याशिवाय सुट्टी नाही म्हणाली.

मी आलोय मुराळी म्हणून. लग्न झालेल्या लेकीला सणासुदीला माहेरी न्यायला जो जातो तो मुराळी. खरं तर हे भावाचं काम, पण हिला भाऊ नाही, आणि हिची आई जाऊन सहा वर्षं झाली. लग्न हिने स्वतः ठरवलं. मुलगा तेलुगू, साईकिरण नावाचा, पुण्यात एकाच कंपनीत होते. कचेरीत सह्या झाल्या, मी भांडी दिली, आणि जोडपं इकडे आलं ते आलंच; इकडे आल्यावर त्याने जहाजावर नोकरी धरली. आमच्या बोरी बुद्रुकात जावयाचं पाऊल अजून लागलेलं नाही. यंदा चैत्रातल्या जत्रेला दोघांना घेऊनच येतो, असं धोंडाक्काला सांगून निघालोय. धोंडाक्का माझी थोरली बहीण. तिला सांगितलं म्हणजे गावात दवंडी पिटल्यासारखंच. आता रिकाम्या हाताने परतलो तर वेशीतून आत जायची सोय नाही.

हर्षालीचं घर डोंगराच्या अंगावर आहे. समुद्राकाठचं गाव म्हणजे सपाट असेल असा माझा समज. इथे तर आमच्या जुन्नरकडच्या चावंड-हडसर किल्ल्यांसारखे डोंगर सरळ पाण्यात उतरलेत आणि त्यांच्या अंगाखांद्यावर घरं. रिक्षा खालीच सोडून पायऱ्या चढाव्या लागल्या. एक खोली, एक मोरी, ओट्यापुरतं स्वयंपाकघर. जहाजावरच्या माणसाचा पगार चांगला असतो असं ऐकून होतो. पण तो घरी नसतो, मग मोठं घर घेऊन करायचं काय, असा विचार केला असेल.

जेवणावरून पहिल्याच संध्याकाळी वाजलं. आमच्यात नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय बापाने लेकीच्या घरचं शीत तोंडात घालायचं नाही. धोंडाक्काने निघताना पुन्हा बजावलं होतं आणि डब्यात कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लाडू भरून दिले होते. मी डबा उघडला तसं हर्षालीचं तोंड उतरलं.

"नाना, भात-आमटी केलीय मी. पाणी तरी प्याल का?"

"पानी नगं. बाटली हाय माझ्याकडं."

"नळाला महापालिकेचं पाणी येतं. ते कुठं तुमच्या जावयाचं आहे?"

पाणी प्यायलो. भाताला मात्र हात लावला नाही.

१९ मार्च, बुधवार

हर्षाली औषधांच्या कंपनीत आहे. कंपनीची बस तिला सकाळी लवकर नेते आणि दिवेलागणीला आणून सोडते. जाताना मला बघायच्या जागा सांगून गेली. चौपाटी, वाळूत आणून ठेवलेली पाणबुडी, तारेवरच्या पाळण्यातून जायचा डोंगर. सगळं एका दिवसात उरकलं. पाणबुडीच्या आत लोकांनी मला ढकलत पुढे नेलं. डोंगरावर जो तो आपापल्या माणसाचा फोटो काढत होता. एका नवऱ्याने माझ्या हातात फोन दिला आणि मी त्यांच्या कुटुंबाचा फोटो काढला. दिवसभरात माझ्याशी झालेलं बोलणं तेवढंच.

इथल्या चांगल्या भागात विजेचे खांबच नाहीत. आयुष्यभर वर बघत चाललो, इथे वर बघितलं की नुसतं आभाळ. हर्षाली म्हणाली, मोठ्या वादळानंतर तारा जमिनीखाली घातल्या. चांगलं केलं. पण मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

२१ मार्च, शुक्रवार

डबा संपला. काल इडलीवर काढला, आज डोसा खाल्ला, हिरव्या मुगाचा. वाईट नव्हता, पण पोटाला काही खाल्ल्याची खबर लागत नाही.

म्हणून आज भाकरीच्या शोधात निघालो. कोणी प्रवासी जात नाही त्या बाजूला गेलो. रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे, गोदामांच्या गल्लीतून, मिरच्यांच्या बाजारातून. तिथे खांब भेटले, गुंतवळासारख्या लोंबत्या ताराही भेटल्या. जीवात जीव आला. एका चढावर वळलो तर कानावर थाप आली. भाकरी थापल्याचा आवाज जगात कुठेही ओळखू येतो. रस्त्याकडेला एक बाई चुलीवर ज्वारीची भाकरी भाजत होती. आपल्याहून पातळ, पण ज्वारीचीच. मी तिथेच दगडावर बसलो. खाताना डोळे भरून आले, ते मिरचीने नाही.

त्या बाईला कोणीतरी अप्पलम्मा म्हणून हाक मारली. तिला तेलुगूशिवाय येत नाही, मला मराठीशिवाय आणि थोड्या हिंदीशिवाय. तिने हाताने विचारलं, घरी कोणी नाही? मी डोंगराकडे बोट दाखवून, हाताने वेणीची खूण करून सांगितलं, लेक आहे. मग तिने परातीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं. मग इथे का खातोस, असं तिचं म्हणणं असणार. ते काही मला खुणांनी सांगता येईना.

हर्षाली रोज दोघांचा स्वयंपाक करते. मी खाणार नाही हे माहीत असून करते. "एकाच माणसाचं रांधायला हात वळत नाही," म्हणाली. मग उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्यात नेते.

२३ मार्च, रविवार

आज दोघं मिळून बाहेर गेलो. भागुजीचं काम होतं. भागुजी माझा नोकरीतला जोडीदार. मी खांबावर तर तो खाली, तो वर तर मी खाली. खालच्या माणसाच्या भरवशावर वरचा जगतो, तसे आम्ही तीस वर्षं जगलो. तो बौद्ध आहे आणि जुन्नरच्या लेण्यांविषयी कोणाही पावण्याला धरून बसवून सांगतो. निघताना म्हणाला होता, "गोरख, तिकडं समुद्राच्या काठाला डोंगरावर बुद्धविहार हाय म्हनं. बघून ये अन् फोटू धाड." लेकीकडे जेवण्याचं त्याला काही वाटत नाही, महिना महिना राहून येतो. "आमी सोडलं राव ते समदं," म्हणतो.

त्या विहाराच्या डोंगरावर, तोटलकोंड्यावर गेलो. गर्दी नव्हती. जुन्या विटांचे चौथरे, गोल स्तूप, आणि खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या, आपल्या लेण्यांत असतात तशाच. फरक एवढाच की आपल्याकडे टाकीवरून मान वर केली तर ऊस आणि द्राक्षांचे मांडव दिसतात, इथे पार आभाळापर्यंत पाणी. दोन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं घरदार सोडून असल्या जागी का बसत असतील, असं वाटलं. मला इथे आठवडा काढणं जड जातंय.

हर्षाली एका चौथऱ्यावर बसून लांबची जहाजं बघत होती. मी म्हणालो, "यातलं आपलं कंचं?"

"यातलं कुठलंच नाही, नाना."

"कुटं हाय मग?"

"सिंगापूरला."

परवा मस्कत म्हणाली होती. जहाजच ते, एका जागी कशाला राहील. पण तिचे डोळे ओले दिसले. नवी नवरी म्हणायची नाही, तीन वर्षं झाली लग्नाला, तरी नवऱ्याची आठवण येते म्हणजे संसार चांगला चाललाय. मला बरं वाटलं.

जत्रेचा विषय काढला. जावई नाहीत तर निदान तू चल, व्याह्यांना विचारून तुला घेऊन जातो, म्हणालो. ती म्हणाली, रजा मिळणार नाही. व्याह्यांकडे तरी चल, म्हणालो. तर म्हणे ते गावी गेलेत. मुराळ्याने व्याह्यांना न भेटता लेक न्यायची म्हणजे चोरी केल्यासारखं होतं. एवढं शिकून हिला हे कळत नाही.

२५ मार्च, मंगळवार

आज लिहिण्यासारखं काही नाही. अप्पलम्माने एक भाकरी जास्त वाढली आणि पैसे घेतले नाहीत. तिला मी निराधार वाटतो बहुतेक.

२७ मार्च, गुरुवार

पायऱ्या चढून चढून गुडघे बोलतात, पण घरात बसवत नाही. खोलीत बसलं की नाही नाही ते दिसतं. दारात चपलांचा एकच जोड. खुंटीवर पुरुषाचं एकही कापड नाही. कपडे कुठेत विचारलं तर इस्त्रीला दिलेत म्हणाली. दहा दिवस इस्त्री चाललीय. शेवटी मीच माझी समजूत घातली की जहाजावरचा माणूस सगळं बरोबर नेत असेल.

भांडीही नाहीत. लग्नात मी ताटं, वाट्या, पेले, हंडा, सगळं स्टीलचं दिलं होतं, मंचरच्या बाजारातून, प्रत्येकावर नाव घालून. 'चि. सौ. हर्षाली व साईकिरण यांस गोरखकडून.' इथे ती प्लास्टिकच्या ताटलीत जेवते. विचारलं तर म्हणाली, "सासूबाईंकडं ठेवलीत नाना, इथं जागा कुठाय?" जागा खरंच नाही.

आज बंदराच्या बाजूला लांबवर गेलो. तिथे ओळीने तीन टेकड्या आहेत. एकीवर देऊळ, एकीवर दर्गा, एकीवर चर्च. खालच्या चिंचोळ्या पाण्यातून जहाज इतकं जवळून जातं की डेकवरचा माणूस विडी ओढताना दिसतो. एकाला मी हात केला. त्यानेही केला. कोण कुठला, पण उरलेला दिवस बरा गेला.

त्या टेकड्यांच्या मागेच व्याह्यांचं घर. पत्ता माझ्याकडे लग्नापासूनचा आहे. हर्षालीला न विचारता जायला मन घेत नाही. पण ते गावाहून आले असतील, तर मुराळी शहरात बसून भेटायला आला नाही असं ते म्हणतील. आणि परवाचा दिवस सोडला की पाडवा. इथेही त्याच दिवशी नवं वर्ष, बाजारात आंब्याची पानं आणि कडुनिंबाचा मोहोर आलाय. सणाच्या आधी जाऊन आलेलं बरं.

२९ मार्च, शनिवार

गेलो होतो. काय लिहावं?

सकाळी हर्षाली कामावर गेल्यावर टोपी, टॉवेल, नारळ पिशवीत घातला आणि विचारत विचारत गेलो. चढावरच्या गल्लीत निळ्या रंगाचं घर. दार विहीणबाईंनी उघडलं. त्यांनी मला लग्नाच्या दिवशीच काय ते पाहिलेलं, तरी लगेच ओळखलं. ओळखून त्या मागे सरल्या, आणि पदर तोंडाशी नेला. मला वाटलं लाजल्या.

व्याही आत खाटेवर होते. अर्धं अंग गेलंय त्यांचं. गावाला वगैरे काही गेलेले नव्हते. मी त्यांना टोपी घातली, खांद्यावर टॉवेल ठेवला, नारळ दिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारी माणूस, हळवा होतो, असं मी मनात म्हणालो.

विहीणबाईंनी ताक आणलं. पेला हातात घ्यायच्या आधीच नजर गेली. त्यावर माझं नाव. 'गोरखकडून.' आतल्या फळीवर माझी सगळी भांडी, ताटं, वाट्या, हंडा, घासून पुसून लावलेली, पण वापरातली दिसत नव्हती.

मी रिवाजाप्रमाणे हात जोडले आणि मान हलवली. लेकीचं सासर, इथलं ताकही चालत नाही. आपल्याकडे असतं तर विहीणबाई हसल्या असत्या, म्हणाल्या असत्या, पावणं रीत पाळतात. या बाईंनी पेला खाली ठेवला आणि त्या मोठ्याने रडायला लागल्या. माझ्या पायाशी वाकल्या. व्याही चांगल्या हाताने खाटेची कड धरून उठायची धडपड करायला लागले, तेही हात जोडून. मी रागावून त्यांच्या घरचं घेत नाही असं त्यांना वाटलं होतं. आणि मी तिथे उभा, एक शब्द कळेना, काय चुकलं ते कळेना.

शेवटी शेजारचे एक गृहस्थ आले. रेल्वेत होते, हिंदी येत होतं. म्हणाले, "ये बोल रही है, बेटे की गलती है, हमको माफ करो. हमने बहू को नहीं निकाला. लडका मस्कत में है, उधर दूसरा घर कर लिया. डेढ साल हो गया. आपको मालूम नहीं?"

मी म्हणालो, "मालूम है."

का म्हणालो माहीत नाही. बापाला माहीत नाही हे परक्यासमोर कबूल करवेना.

ते सांगत गेले. पोरगी स्वतःहून बाहेर पडली, म्हणाली तो इथे नाही तर मी कोणाच्या नात्याने राहू. भांडी न्या म्हणून सासू मागे लागली, पण तिने नेली नाहीत. सासू अजून अधूनमधून तिला लोणचं देऊन येते. उगीच सगळ्यांवर राग धरावा अशी माणसं नव्हती ती.

मी पेला उचलला आणि ताक प्यायलो. ते घर आता माझ्या लेकीचं सासर नव्हतं, तिथे पाळायला काही उरलं नव्हतं. ताक चांगलं होतं. उतरताना कशाचा तरी आधार घ्यावा असं वाटलं, पण त्या गल्लीत खांब कुठला, भिंतीला हात लावत खाली आलो.

दीड वर्षं. फोनवर दर रविवारी विचारायचो, जावई कसे आहेत? ती म्हणायची, मजेत. आणि मी इथे येऊन बारा दिवस तिच्या दारात, तिने रांधलेलं नाकारत, हे जावयाचं घर आहे असं तिला रोज ऐकवत बसलो. डोळे उघडे ठेवून चालणारा माणूस मी. चपलांचा एक जोड बघूनही मला कळलं नाही. का कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

अप्पलम्माकडे गेलो नाही. आज भूकच नव्हती.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी उठून मीच खिडकीत गुढी उभारली. काठी नव्हती, झाडूचा दांडा घेतला. हर्षाली हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तिने मासवडी केली होती. पुरण तिला जमत नाही, पण मासवडी आईसारखी जमते. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, वड्या कापून बाजूला तिखट रस्सा. सगळी खोली आमच्या बोरीच्या घरासारखी वासाने भरली. माझ्यासाठीच केलेली, आणि मी बाहेर जाऊन भाकरी खाईन हे धरून चाललेली.

मी मोरीत हातपाय धुतले आणि जमिनीवर मांडी घालून बसलो. म्हणालो, "वाढ."

"काय?"

"ताट वाढ. भूक लागलीय."

ती कढईपाशी उभी राहिली. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. म्हणाली, "नाना, कोणी सांगितलं?"

"आदी वाढ. मग बोलू."

तिने प्लास्टिकच्या ताटलीत वाढलं. दुसरी ताटली नव्हती, म्हणून स्वतःसाठी झाकण घेतलं. मी पहिला घास घेतला. रस्सा हिच्या आईपेक्षा तिखट आहे. मी तसं सांगितलं. मग ती रडली, आणि रडतच मला आणखी वाढत राहिली. मी खात राहिलो. पोट भरलं तरी खाल्लं. बारा दिवसांचं खायचं राहिलं होतं.

नंतर म्हणाली, "तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही आल्या आल्या डबा उघडलात. म्हटलं, नानांच्या लेखी हे घर त्याचंच आहे. मग सांगू कशी?"

मी म्हणालो, "ह्ये घर तुजं हाय. भाडं तू भरती, रांधती तू. लेकीच्या सासरी जेवत न्हाईत. लेकीच्या घरी न जेवायला मला काय झालं?"

बोललो खरं. पण मग गावाचा विचार आला. शेवटी दोघांनी ठरवलं की जत्रेला ती येईल, आणि विचारलं तर जावई जहाजावर आहेत असंच सांगायचं. निदान यंदा तरी. रजा होतीच तिची, ती काही अडचण नव्हतीच.

९ एप्रिल, बुधवार, बोरी बुद्रुक

काल दुपारी घरी आलो. अंगणात पिशव्या टेकवल्या नाहीत तोच धोंडाक्का आली, मागे गल्लीतल्या चार बाया. हर्षालीच्या तोंडावरून हात फिरवून झाला, जावई कुठायत विचारून झालं, जहाजावर म्हणून सांगून झालं. बायांचं समाधान झालं. मला वाटलं, निभावलं.

मग धोंडाक्का माझ्याकडे वळली. "अन् तुजी तब्येत बरी दिसती रं. वीस दिस काय खाल्लंस तिकडं? हिच्याकडं जेवला तर न्हाईस ना?"

नाही म्हणायला एक शब्द पुरे होता. तोंडाशी आला होता. अप्पलम्माच्या भाकरीची गोष्ट सांगितली असती तर बाया हसल्या असत्या आणि सगळं मिटलं असतं. पण हर्षाली उंबऱ्यापाशी उभी होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. मला ती ताटली आठवली. ते जेवण मी खाल्लं नाही असं मला म्हणवेना.

"जेवलो," मी म्हणालो.

धोंडाक्काने टाळीच वाजवली. "आगं बया! मंजी पाळना हलनार म्हना की! अन् ही सांगत न्हाई लबाड!" आणि कोणाला कळायच्या आत ती घरात गेली, नारळ, तांदूळ आणि खण घेऊन बाहेर आली. हर्षालीला पाटावर बसवायला लागली ओटी भरायला. बाया पुढे सरकल्या. लेकीच्या घरी बाप जेवला याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही.

हर्षाली पांढरीफटक पडली. मी उठलो आणि अक्काचा हात धरला.

"अक्का, पाळना न्हाई. जावई बी न्हाई. त्यानं तिकडं दुसरं घर केलं, दीड वरीस झालं. ती एकटी ऱ्हाती, कमावती, खाती. ते घर तिचं हाय, म्हनून जेवलो. परत जाईन तवा परत जेवीन."

बाया एकेक करून निघून गेल्या. जत्रेच्या आधीच ही बातमी आळेफाट्यापर्यंत गेली असेल. धोंडाक्का नारळ हातात धरून ओट्यावर बसली. म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं?" ते मला होतं की हर्षालीला, कळलं नाही. मग तिने हर्षालीच्या पदरात नारळ आणि तांदूळ घातले. म्हणाली, "वटी काढलीया, आता मागं न्यायची नसती." आणि मला म्हणाली, "तू माज्याशी बोलू नगंस."

आज सकाळी तिने भाकरी पाठवली. एकच, हर्षालीपुरती.

१३ एप्रिल, रविवार

काल जत्रा झाली. शर्यतीच्या घाटात बैलगाड्या सुटत होत्या, भोंग्यावरचा माणूस भिर्रर्र करून गळा फाडत होता. ओळखीचे लोक मला बघून बोलणं थांबवत होते आणि मी पुढे गेलो की पुन्हा सुरू करत होते. भागुजी तेवढा दिवसभर माझ्या बाजूला उभा राहिला, काही विचारलं नाही. विहाराचे फोटो मात्र दोनदा बघितले.

हर्षाली घरातून बाहेर पडली नाही. उद्या तिची गाडी आहे. मी म्हणालो, राहा की इथेच. म्हणाली, "नाना, मला तिथलं काम आवडतं. अन् तो समुद्रही आता सवयीचा झालाय." ती तिथे एकटी, मी इथे एकटा. यावर काही उपाय आहे असं मला दिसत नाही.

आज संध्याकाळी जत्रेतली पालं उठायच्या आत भांडीवाल्याकडे गेलो. स्टीलची दोन ताटं निवडली, जाड बुडाची, नाव घालायला त्याच्यापुढे ठेवली.

"पावनं, काय घालू? लेकीला देताय जनू. जावयाचं नाव सांगा."

"जावयाचं नगं. हर्षाली गोरख घाल."

"अन् खाली, कुनाकडून?"

"कुनाकडून न्हाई. तिचं ताट हाय."

मशीन कर्रकर्र करत अक्षरं कोरत गेलं. त्याने फुंकर मारून चुरा उडवला आणि दुसरं ताट ओढलं. "ह्याच्यावर बी त्येच?"

"ह्याच्यावर नुसतं गोरख घाल," मी म्हणालो. "ह्ये बी तिकडंच ऱ्हायचंय."